संगणकात सीडी-डीव्हीडी ड्राइव्ह कसा बसवावा?
(विद्यार्थी व कार्यकर्त्यांसाठी एक पाठ)



स्मरणिकेत बहुधा विचारपर लेख असतात, आणि ते असलेच पाहिजेत. यंदा मात्र आम्ही हाताने करावयाच्या एका कामाचा पाठ लिहीत आहोत. त्याचे कारण आधी सांगतो.

आपल्या संस्थेच्या लोखंडी कपाटात सीडी व डीव्हीडी तबकड्यांचा एक डबा आहे. भीमजयंती, बुद्धपौर्णिमा, वर्षावास आणि धम्मचक्र प्रवर्तन दिनाच्या कार्यक्रमांची चित्रणे त्यात आहेत. त्याहून मोलाची गोष्ट म्हणजे १९५६ नंतर ज्या पिढीने गावोगाव धम्मदीक्षा घेतली, त्या पिढीतील काही आजी-आजोबांच्या आठवणी त्यांच्याच आवाजात त्यात नोंदलेल्या आहेत. वतनाची कामे कशी सोडली, त्यानंतर गावात काय सोसावे लागले, मुलांना शाळेत कसे घातले, घरातले जुने देव कसे उठवले, हे सारे त्यांनी सांगितले आहे. त्यातील बहुतेक मंडळी आज हयात नाहीत. कागदावर त्यांचे एक वाक्यही नाही. जे काही आहे ते त्या तबकड्यांवर आहे.

संस्थेने नवा लॅपटॉप घेतला तेव्हा लक्षात आले, की त्यात तबकडी घालण्याची सोयच नाही. खोलीतला जुना संगणक चालू होता, पण त्याचा ड्राइव्ह कित्येक वर्षांपूर्वी बिघडून काढून टाकलेला होता व समोर नुसती प्लास्टिकची झाकणी होती. एका दुकानात विचारले तर उत्तर मिळाले, की हा संगणक भंगारात द्या आणि त्या तबकड्या आता विसरा. हे उत्तर आम्हाला मान्य झाले नाही. मग शाळा-महाविद्यालयात शिकणारी काही मुले-मुली आणि आम्ही दोघे-तिघे कार्यकर्ते मिळून बसलो, संगणक उघडला आणि ड्राइव्ह बसविला. काही चुका झाल्या, त्याही पुढे प्रामाणिकपणे सांगितल्या आहेत. ज्यांच्या घरी अशा तबकड्या पडून आहेत, त्यांना या पाठाचा उपयोग व्हावा हाच हेतू.

ड्राइव्ह म्हणजे काय?

संगणकाची माहिती साठविण्याची साधने दोन प्रकारची असतात. एक, आत कायम बसविलेले. म्हणजे हार्ड डिस्क. दुसरे, ज्यातील माहितीची वस्तू बाहेर काढून दुसरीकडे नेता येते. फ्लॉपी, सीडी, डीव्हीडी या दुसऱ्या प्रकारच्या वस्तू होत. त्या वाचणारे यंत्र संगणकाच्या पेटीत बसविलेले असते, त्याला ड्राइव्ह म्हणतात. ज्या पेटीत सर्व भाग बसविलेले असतात तिला आपल्याकडे कोणी कॅबिनेट म्हणतात, कोणी सरळ सीपीयू म्हणतात. वास्तविक सीपीयू म्हणजे आतील एक लहानशी चिप. म्हणून या पाठात आम्ही पेटीला कॅबिनेट म्हणू.

साडेतीन इंची फ्लॉपीवर फक्त १.४४ मेगाबाइट माहिती मावते. सीडीवर साधारण ७०० मेगाबाइट आणि एकपदरी डीव्हीडीवर ४.७ गिगाबाइट. म्हणजे एका सीडीत जेवढे मावते त्यासाठी पाचशेच्या आसपास फ्लॉप्या लागतील. सीडी १९८२ साली गाण्यांसाठी बाजारात आली आणि पुढे संगणकातही वापरात आली.

सीडी व डीव्हीडी दिसायला सारख्याच. १२० मिलिमीटर व्यासाच्या आणि १.२ मिलिमीटर जाडीच्या. माहिती आतल्या बाजूने सुरू होऊन बाहेरच्या कडेकडे एका लांबलचक नागमोडी नव्हे, तर गोल गोल फिरत जाणाऱ्या रेघेत लिहिलेली असते. ड्राइव्हमधील लेसरचा किरण त्या रेघेवर पडतो व परत येणाऱ्या उजेडातील फरकावरून माहिती वाचली जाते. सीडीसाठी डोळ्यांना न दिसणारा अवरक्त किरण आणि डीव्हीडीसाठी लाल किरण वापरतात. डीव्हीडीची रेघ अधिक बारीक व दाट असल्यामुळे तिच्यावर जास्त माहिती मावते. डीव्हीडी ड्राइव्ह सीडीही वाचतो, पण जुना सीडी ड्राइव्ह डीव्हीडी वाचू शकत नाही. म्हणून घ्यायचा तर डीव्हीडी ड्राइव्हच घ्यावा.

ड्राइव्ह आणण्यापूर्वी काय पाहावे?

बाजारात जाण्यापूर्वी कॅबिनेट उघडून तीन गोष्टी पाहाव्यात.

पहिली गोष्ट, जागा. ड्राइव्हचा खण साधारण १४६ मिलिमीटर रुंद व ४१ मिलिमीटर उंच असतो. त्याला सव्वापाच इंची खण म्हणतात, कारण जुन्या सव्वापाच इंची फ्लॉपीच्या ड्राइव्हसाठी तो ठरला होता. ती फ्लॉपी गेली, पण खणाचे नाव राहिले. हल्लीच्या अनेक नव्या कॅबिनेटांत हा खणच नसतो. तसे असेल तर यूएसबीने बाहेरून जोडायचा ड्राइव्ह घेण्यावाचून इलाज नाही.

दुसरी गोष्ट, माहितीची केबल. मदरबोर्डवर दोनपैकी एका प्रकारची खाच सापडेल. जुन्या संगणकात ४० टाचण्यांची लांबट खाच असते, तिला आयडीई म्हणतात. तिच्यात रुंद पट्टीसारखी केबल बसते. त्यानंतरच्या संगणकात इंग्रजी एल अक्षराच्या आकाराची लहान खाच असते, तिला साटा म्हणतात. ज्या प्रकारची खाच, त्याच प्रकारचा ड्राइव्ह आणावा.

तिसरी गोष्ट, विजेची जोडणी. आयडीई ड्राइव्हला चार तारांचा मोठा प्लग लागतो. पिवळी तार १२ व्होल्टची, लाल ५ व्होल्टची आणि मधल्या दोन काळ्या. साटा ड्राइव्हला चपटा, रुंद प्लग लागतो. पॉवर सप्लायमधून आलेल्या तारांत असा एखादा प्लग मोकळा आहे काय, ते पाहून घ्यावे.

हे कागदावर लिहून, शक्य तर छायाचित्र काढून न्यावे. पुण्यात बुधवार पेठेतील तपकीर गल्ली आणि मुंबईत लॅमिंग्टन रोड ही अशा वस्तूंची जुनी ठिकाणे. वापरलेला ड्राइव्ह घ्यायचा असेल तर दुकानातच लावून, एक तबकडी वाचून दाखवायला सांगावे. यात संकोच करू नये. आपला पैसा घामाचा आहे.

साधने व काळजी

साधने थोडीच लागतात. फुलीच्या तोंडाचा मध्यम स्क्रू ड्रायव्हर, स्क्रू ठेवण्यासाठी वाटी, धूळ झाडण्यासाठी मऊ ब्रश, एक विजेरी आणि कागद-पेन. कामाला लाकडी टेबल घ्यावे. सतरंजीवर किंवा गादीवर कॅबिनेट उघडू नये.

काळजीचे नियम मात्र पाठ करावेत.

१) संगणक बंद करून प्लग भिंतीतून पूर्ण काढावा. नुसते बटण बंद करणे पुरेसे नाही. प्लग काढल्यावर संगणक सुरू करण्याचे बटण काही क्षण दाबून धरावे, म्हणजे आत राहिलेली वीज निघून जाते.

२) पॉवर सप्लायचा पत्र्याचा डबा कधीही उघडू नये. प्लग काढल्यानंतरही त्याच्या आतील भागांत जिवाला धोका होईल इतका विजेचा साठा राहू शकतो. आपल्याला त्याच्या तारांशी काम आहे, त्याच्या पोटाशी नाही.

३) आतील कोणत्याही भागाला हात लावण्यापूर्वी कॅबिनेटच्या रंग नसलेल्या धातूला स्पर्श करावा. कोरड्या हवेत, विशेषतः थंडीच्या दिवसांत, अंगावर स्थिर वीज साठते. तिचा आपल्याला झटका जाणवतही नाही, पण चिप निकामी होऊ शकते.

४) ड्राइव्हचे स्वतःचे झाकण उघडून तो चालू करू नये. आतील लेसर डोळ्यांना अपाय करू शकतो. झाकण बंद असेपर्यंत भीती नाही.

प्रत्यक्ष कृती

पहिली पायरी : कॅबिनेटच्या मागच्या बाजूचे स्क्रू काढून दोन्ही बाजूंचे पत्रे मागे सरकवून काढावेत. अनेकजण एकच पत्रा काढतात आणि नंतर दुसऱ्या बाजूचे स्क्रू लावता येत नाहीत म्हणून थांबतात. ड्राइव्हला दोन्ही बाजूंनी स्क्रू लागतात, म्हणून दोन्ही पत्रे काढावेत. निघालेले स्क्रू वाटीत ठेवावेत.

दुसरी पायरी : आतील धूळ ब्रशने हलक्या हाताने झाडावी. तोंडाने फुंकू नये, कारण फुंकरीबरोबर ओलावा जातो.

तिसरी पायरी : समोरची प्लास्टिकची झाकणी काढावी. तिच्या कडांना आतून लहान कड्या असतात. त्या आतल्या बाजूने दाबल्या की झाकणी पुढे निघते. काही कॅबिनेटांत आधी समोरचा संपूर्ण प्लास्टिकचा भाग सोडवावा लागतो. झाकणीच्या मागे कधी कधी पातळ पत्रा असतो. तो पुढे-मागे हलवून मोडावा लागतो. त्याची कड धारदार असते, म्हणून जाड फडके धरावे.

चौथी पायरी : ड्राइव्ह समोरून, म्हणजे बाहेरून आत सरकवावा. तबकडीचा ट्रे समोर आणि जोडणीच्या खाचा मागे, नाव लिहिलेला पत्रा वरच्या अंगाला. वाटेत तारा आल्या तर बाजूला घ्याव्यात. जोर लावू नये. ड्राइव्हचा दर्शनी भाग कॅबिनेटच्या दर्शनी भागाशी सपाट जुळला पाहिजे.

पाचवी पायरी : दोन्ही बाजूंनी दोन-दोन, असे चार स्क्रू लावावेत. आधी चारही अर्धवट लावून घ्यावेत, ड्राइव्ह सरळ आहे याची खात्री करावी आणि मगच आळीपाळीने घट्ट करावेत. एकच स्क्रू आधी आवळला तर ड्राइव्ह तिरका बसतो. काही कॅबिनेटांत स्क्रूऐवजी प्लास्टिकची कळ असते. ती सरकवली की झाले.

सहावी पायरी : माहितीची केबल जोडावी. साटा केबल एकाच बाजूने बसते. एक टोक ड्राइव्हला, दुसरे मदरबोर्डला. हार्ड डिस्कची केबल काढू नये. शेजारच्या रिकाम्या खाचेत जोडावी.

सातवी पायरी : विजेचा प्लग जोडावा. तोही एकाच बाजूने बसतो. बसत नसेल तर आपण उलटा धरला आहे असे समजावे. बळजबरी केली तर खाच तुटते.

आठवी पायरी : पंख्याच्या पात्यांजवळ एखादी तार लोंबत नाही ना, हे विजेरीने पाहावे. तारा बांधून घ्याव्यात. एखादा स्क्रू आत पडलेला नाही याची वाटीतील स्क्रू मोजून खात्री करावी.

नववी पायरी : पत्रे लावण्यापूर्वी प्लग जोडून संगणक सुरू करावा. यावेळी आत हात घालू नये. ड्राइव्हचे बटण दाबल्यावर ट्रे बाहेर आला, तर वीज पोचली असे समजावे. मग संगणकाच्या यादीत ड्राइव्हचे चिन्ह दिसते काय ते पाहावे. विंडोज किंवा लिनक्स यांपैकी काहीही असले, तरी साध्या वाचनासाठी वेगळी प्रणाली टाकावी लागत नाही.

दहावी पायरी : बिनमहत्त्वाची एखादी तबकडी घालून वाचून पाहावी. ती नीट चालली की संगणक बंद करून, प्लग काढून पत्रे लावावेत.

जुन्या आयडीई संगणकासाठी

आयडीईच्या पट्टी केबलची एक कड लाल असते. ती कड खाचेतील पहिल्या क्रमांकाच्या टाचणीकडे ठेवायची असते. ड्राइव्हच्या बाबतीत ही टाचणी बहुतेक वेळा विजेच्या प्लगाच्या बाजूला असते. केबलची लांबी १८ इंचांपेक्षा अधिक असू नये.

एका पट्टी केबलवर दोन ड्राइव्ह जोडता येतात. त्यांतील एकाला मास्टर आणि दुसऱ्याला स्लेव्ह ठरवावे लागते. ड्राइव्हच्या मागे काही टाचण्या व त्यांवर एक इवलीशी टोपी असते, तिला जंपर म्हणतात. टोपीची जागा बदलून हे ठरते. दोघांनाही एकच पद दिले तर संगणक दोघांनाही ओळखत नाही. यंत्राला मालक आणि गुलाम ही नावे देणाऱ्यांनी ती फारसा विचार न करता दिली असावीत. आमच्यातील एका मुलीने हे शब्द ऐकताच विचारले, की यंत्रातही हेच का? तिचा प्रश्न आम्हाला रास्त वाटला. पुढे आलेल्या साटा पद्धतीत प्रत्येक ड्राइव्हला स्वतःची स्वतंत्र केबल मिळाली आणि ही उतरंड संपली, हेही तिला दाखविता आले.

फ्लॉपी ड्राइव्हची केबल ३४ तारांची असते व तिच्यात एके ठिकाणी काही तारांना पीळ दिलेला असतो. पिळाच्या पुढच्या टोकाला जोडलेला ड्राइव्ह पहिला समजला जातो. संगणक सुरू होताच फ्लॉपीचा दिवा लागून राहिला आणि विझेचना, तर केबल उलटी बसली आहे हे ओळखावे. घरात मोजक्याच फ्लॉप्या असतील तर यूएसबीने जोडायचा फ्लॉपी ड्राइव्ह अधिक सोयीचा.

आमच्याकडून झालेल्या चुका

पहिली चूक स्क्रूची. वाटीत हार्ड डिस्कचे स्क्रू होते, तेच आम्ही लावू लागलो. हार्ड डिस्कचे स्क्रू जाड आट्यांचे असतात, तर सीडी-डीव्हीडी ड्राइव्हला तीन मिलिमीटर व्यासाचे बारीक आट्यांचे स्क्रू लागतात. जाड स्क्रू जोराने फिरविल्यामुळे एका भोकाचे आटे गेले. नंतर बारीक आट्यांचा स्क्रू आणला, पण तो लांब निघाला. त्याचे टोक आत घुसून ट्रे अडकला. साधारण पाच मिलिमीटर लांबीचा स्क्रू लावल्यावर ट्रे मोकळा झाला. म्हणून ड्राइव्हबरोबर मिळालेले स्क्रूच वापरावेत, आणि बोटांनी दोन फेरे सहज फिरत नसेल तर तो स्क्रू चुकीचा समजावा.

दुसरी चूक घाईची. सर्व जोडूनही ड्राइव्ह दिसेना. ड्राइव्ह खराब निघाला असे समजून आम्ही परत करायला निघालो होतो. मग एका विद्यार्थ्याने क्रमाने तपासायचे ठरविले. ट्रे उघडतो, म्हणजे वीज आहे. केबल दुसरी लावून पाहिली, फरक नाही. केबल मदरबोर्डवरील दुसऱ्या खाचेत लावली आणि ड्राइव्ह लगेच दिसला. पहिली खाच संगणकाच्या मूळ मांडणीत, ज्याला बायोस म्हणतात तेथे, बंद करून ठेवलेली होती. कारण शोधायचे तर एका वेळी एकच गोष्ट बदलावी. दोन गोष्टी एकदम बदलल्या तर दोष कशात होता हे कळत नाही. दुःखाला कारण असते आणि कारण शोधून दूर करता येते, हे आपण विहारात ऐकतोच. टेबलावरही तोच मार्ग कामी आला.

तिसरी गोष्ट चूक नव्हे, पण उपयोगाची. वीज गेली आणि तबकडी आत अडकली तर घाबरू नये. ड्राइव्हच्या दर्शनी भागावर सुईएवढे भोक असते. प्लग काढून, कागदाची टाचणपिन सरळ करून त्यात हलकेच दाबली की ट्रे पुढे येतो.

तबकड्या वाचताना

ड्राइव्ह बसला म्हणजे अर्धे काम झाले. घरी लिहिलेल्या तबकडीत रंगद्रव्याचा थर असतो. ऊन, उष्णता व दमट हवेने तो खराब होतो. म्हणून जे वाचता येते ते आजच उतरवून घ्यावे. पुढच्या जयंतीची वाट पाहू नये.

तबकडी कडेला व मधल्या भोकाला धरावी. पुसायची असल्यास मऊ सुती फडक्याने मधून कडेकडे सरळ पुसावी. गोल गोल पुसू नये, कारण रेघेच्या दिशेने पडलेला ओरखडा जास्त माहिती खातो. सीडीच्या बाबतीत नाव लिहितो ती वरची बाजू अधिक नाजूक असते, कारण चकाकणारा थर त्या बाजूला पातळ लेपाखालीच असतो. तिच्यावर बॉलपेनने लिहू नये, कागद चिकटवू नये.

एखादी तबकडी वाचली गेली नाही तर लगेच टाकून देऊ नये. तीच तबकडी दुसऱ्या ड्राइव्हमध्ये पुष्कळदा वाचली जाते. आमच्या डब्यातील काही तबकड्या अशाच दुसऱ्या ठिकाणी वाचल्या गेल्या. दोन मात्र शेवटपर्यंत उघडल्या नाहीत. त्यांतील एकीवर एका आजीचे नाव लिहिलेले आहे. ती तबकडी आम्ही जपून ठेवली आहे, आणि ती पाहिली की हे काम पाच वर्षांपूर्वीच करायला हवे होते असे वाटते.

उतरविलेल्या माहितीच्या तीन प्रती कराव्यात. एक संगणकात, दुसरी बाहेरच्या हार्ड डिस्कवर आणि तिसरी दुसऱ्या गावी, एखाद्या विश्वासू सभासदाच्या घरी. जुन्या मराठी मजकुराच्या फायली असतील तर त्या ज्या फॉन्टमध्ये लिहिल्या आहेत तो फॉन्टही सोबत जपावा. युनिकोड रुळण्यापूर्वी श्रीलिपीसारख्या फॉन्टांत मजकूर लिहिला जाई. तो फॉन्ट नसेल तर पानभर निरर्थक अक्षरे दिसतात.

हे काम आपले का?

आपला हा भाग लेण्यांचा. जुन्नर परिसरातील डोंगरांत दोन हजार वर्षांपूर्वीची बौद्ध लेणी आहेत. तेथील शिलालेखांत दान देणाऱ्यांमध्ये धान्याचे व्यापारी, काशाचे कारागीर आणि बांबूकाम करणारे यांच्या श्रेणींचे उल्लेख आहेत. हाताने काम करणाऱ्या माणसांनी धम्माला दान दिले आणि ते दगडात कोरले, म्हणून आज आपल्याला ठाऊक आहे. आपली नोंद प्लास्टिकच्या तबकडीवर आहे. दगड स्वतः टिकला. तबकडी टिकवावी लागेल.

तबकडीवर किती मोठे धन मावते याचे उदाहरण आपल्याच राज्यातले आहे. ब्रह्मदेशात रंगून येथे १९५४ ते १९५६ या काळात सहावी धम्मसंगीती झाली. ती चालू असतानाच, डिसेंबर १९५४ मध्ये, डॉ. बाबासाहेब आंबेडकर जागतिक बौद्ध परिषदेसाठी रंगूनला गेले होते. त्या संगीतीत तपासून सिद्ध झालेले पालि तिपिटक, अट्ठकथांसह, इगतपुरीच्या विपश्यना विशोधन विन्यासाने १९९० च्या दशकात सीडीवर आणले. देवनागरीसह अनेक लिप्यांत ते वाचता येई व हवा तो शब्द शोधता येई. जे ग्रंथ ठेवायला कपाट लागे, ते एका तबकडीत मावले. आज तेच तिपिटक इंटरनेटवर विनामूल्य उपलब्ध आहे. म्हणजे संस्थेने माहिती वेळीच पुढच्या साधनावर नेली, म्हणून ती जिवंत राहिली. तिपिटकाची काळजी घेणाऱ्या मोठ्या संस्था आहेत. अवसरी बुद्रुकच्या आजीच्या आवाजाची काळजी घेणारे मात्र आपणच.

दुसरे कारण शिक्षणाचे. बाबासाहेबांनी ऑक्टोबर १९४२ मध्ये गव्हर्नर जनरलकडे दिलेल्या निवेदनात अस्पृश्य विद्यार्थ्यांच्या विज्ञान व तंत्रशिक्षणासाठी सरकारने मदत करावी, असा आग्रह धरला होता. नुसत्या कारकुनीच्या शिक्षणाने समाज वर येणार नाही हे त्यांनी ओळखले होते. आज आपल्या शेजारी अवसरी खुर्दला २००९ पासून शासकीय अभियांत्रिकी व संशोधन महाविद्यालय आहे. गावोगावची मुले एमएस-सीआयटीचे प्रमाणपत्र घेतात. तरीही संगणकाचे झाकण उघडायला हात धजत नाही. बिघडेल, आपल्याला काय कळते, ही भीती जुनी आहे. हात लावू नका, असे पिढ्यान्‌पिढ्या ऐकलेल्यांच्या घरात ती अधिक खोल असते. त्या दिवशी चार स्क्रू काढल्यावर आतील भाग पाहून एक मुलगा म्हणाला, एवढेच आहे होय! आमच्या मते त्या दिवशीचे सर्वांत मोठे काम तेच झाले.

त्या संध्याकाळी पहिली जुनी तबकडी लावली. थोडी घरघर झाली आणि मग एका आजोबांचा आवाज खोलीत उमटला. त्यांचा नातू आमच्यातच बसला होता. त्याने आजोबांना पाहिले होते, पण त्यांचे बोलणे त्याला आठवत नव्हते. त्याने ते सर्व शेवटपर्यंत ऐकले. कोणी काही बोलले नाही.

सभासदांना नम्र विनंती आहे, की आपापल्या घरातील पेट्या, कपाटे पाहावीत. लग्नाच्या चित्रणाबरोबर एखाद्या सभेची, एखाद्या ज्येष्ठाच्या भाषणाची तबकडी सापडेल. ती संस्थेकडे आणावी. प्रत करून मूळ तबकडी परत दिली जाईल. आणि सुट्टीच्या दिवशी विद्यार्थ्यांनी स्क्रू ड्रायव्हर घेऊन यावे. शिकविण्यासारखे आमच्याजवळ जे थोडे आहे, ते आम्ही आनंदाने देऊ.

स्वाध्याय

१) कॅबिनेटचे दोन्ही पत्रे का काढावे लागतात?
२) ट्रे उघडतो, पण संगणकाला ड्राइव्ह दिसत नाही. कोणत्या क्रमाने तपासाल? प्रत्येक पायरीचे कारण लिहा.
३) तबकडी गोल न पुसता मधून कडेकडे का पुसावी?
४) आपल्या घरातील सीडी, डीव्हीडी व फ्लॉपींची यादी करा. प्रत्येकीसमोर विषय, साल आणि त्यात कोणाचा आवाज आहे ते लिहा. यादी संस्थेत आणून द्या.

नमो बुद्धाय! जयभीम!